लॅपटॉपची मोजणी

चाळीस सेकंद. मोबाईलवर मोजलेत मी. तेवढ्या वेळात बेळगावात खडेबाजारच्या बाजूच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोरानं माझा लॅपटॉप चालू केला, एफ-टू का काय ते दाबलं, एक ओळ खालनं वर नेली, सेव्ह केलं, झाकण मिटलं आणि म्हणाला, "पाचशे, अंकल." वर फुकटचा सल्ला, "तुम्हाला हे लिनक्स-बिनक्स कशाला पाहिजे होतं, मोबाईल हाय की." दिले पाचशे. शहापूरला घरी चालत आलो, रिक्षाला पण पैसे घालवायचे नाहीत म्हणून, आणि त्याला काय उत्तर द्यायला पाहिजे होतं ते कपिलेश्वरच्या ओव्हरब्रिजवर सुचलं. तिथं ऐकायला कोण?

तर झालं असं. मी घरी बसून लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला आणि इलेव्हन घालायला गेलो तर ते म्हणतंय प्रोसेसर आठव्या पिढीचा नायतर त्याच्या पुढचा पाहिजे. माझा सातव्या पिढीचा. आमच्यात सोयरीक जुळवताना पण कोण एवढं बघत नाही हो! दुसरीकडं माझं मराठी-कन्नड फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज सोडून कुठं चालत नाही. भाचा म्हणाला, मामा, विंडोज राहू दे पण त्याचं नेट बंद कर, शेजारी उबुंटू घाल, म्हणजे ते लिनक्स, विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, नेट तिकडं वापर. एका लॅपटॉपवर दोन. म्हटलं बघू या, एक रविवार जाईल. (तीन गेले.)

डिस्कची खिडकी उघडून बसलो होतो तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आप्पा पेपर परत द्यायला आले. आप्पा आमचे घरमालक, सर्व्हे खात्यातनं रिटायर झालेले. अर्ध्या तालुक्याचे बांध त्यांना पाठ आहेत.

"काय करूलास रे?"

"पार्टिशन करूलोय आप्पा."

चुकलंच. हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नव्हता. त्यांनी पेपर ठेवला, खुर्ची ओढली, चष्मा लुंगीला पुसला.

"वाटणी कुणाकुणात?"

"विंडोज आणि उबुंटू."

"भाऊभाऊ काय?"

"छे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"मग भाऊच की. एकूण क्षेत्र किती?"

म्हटलं, एक टीबी, म्हणजे हजार जीबी. आप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं (डाग अजून आहे), "हितं नऊशे एकतीस लिवलंय." मी समजावून सांगितलं की कंपनी हजार-हजारनं मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसनं मोजतं म्हणून आकडा कमी दिसतो, जागा कुठं जात नाही. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे खरेदी एका साखळीनं आणि मोजणी दुसऱ्या साखळीनं. असल्या केशी नातवंडापर्यंत चालतात बाबा." पुढची वीस मिनिटं खानापूर तालुक्यातल्या एका बांधाची गोष्ट. तेहतीस फुटी साखळीची एक कडी कुणीतरी वाकवून ठेवली होती म्हणे. त्यात एक आंबा, दोन वकील आणि शेवटी आंबाच वाळला. मी मान हलवत एका हातानं माऊस चालवत होतो.

सहाशे जीबी मोकळी होती. त्यातली निदान दोनशे तरी काढायची म्हणून विंडोजला विचारलं तर ते म्हणे जास्तीत जास्त अकरा मिळतील. अकरा! सहाशे रिकामी असताना! नेटवर वाचलं तर मध्येच कुठंतरी विंडोजच्या स्वतःच्या न हलणाऱ्या फाईली बसलेल्या असतात, पेजफाईल, हायबरनेटची फाईल, आणि त्या जिथं बसल्यात त्याच्या अलीकडं जागा आवळता येत नाही.

"कूळ बसलंय," आप्पा म्हणाले. "मालकाला वाटतंय रान मोकळं हाय. मध्ये खोपट घालून कूळ. हलतंय व्हय ते?"

हायबरनेट बंद केलं, पेजफाईल बंद केली, रीस्टार्ट केलं, आणि कूळ उठलं. आप्पांचा विश्वास बसेना. कोर्टात न जाता कूळ उठलेलं त्यांनी सगळ्या नोकरीत बघितलं नव्हतं. आणखी एक कळलं की विंडोजचं शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतंच, फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते अर्धवट झोपतं आणि मग उबुंटूला त्या भागात लिहायला देत नाही. "ताबा सोडत नाही म्हण की," आप्पा. ह्याच्यापेक्षा चांगलं मला कुठल्याच व्हिडिओत कुणी समजावलेलं नाही, खरंच सांगतो.

मग कुणाला किती? मी म्हटलं निम्मं-निम्मं. आप्पा हसले. "साठ-चाळीस कर. कायदा हाय." २०२४ पासून कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, माझी 'लग्नपत्रिका' पाटी त्याच वर्षी उतरवून नवी केली, डिझाईन माझंच म्हणून फक्त फ्लेक्सचे गेले, पण 'पत्रिका' एवढी बारीक झाली की गिऱ्हाईक अजून विचारतं, हितं काय मिळतं. तर विंडोजला साठ, उबुंटूला चाळीस. "अकरा-ई स्केच काढून ठेव," जाताना आप्पा म्हणाले, "नायतर पोडी झाली नाही म्हणून परत फिरवतील." (अकरा-ई म्हणजे आमच्याकडं वाटणीच्या आधी काढायचा मोजणीचा नकाशा, पोडी म्हणजे सर्व्हे नंबरची फोड.)

उबुंटू बसलं. अर्ध्या तासात. आणि रीस्टार्ट केल्यावर सरळ विंडोज उघडलं, जसं काही झालंच नाही. चाळीस टक्के जागा गेलेली आणि राहणारा गायब. दोन दिवस काढले, मग उबुंटूचा पेनड्राईव्ह खिशात घालून त्या पोराकडं गेलो. बूट ऑर्डर, म्हणजे चालू करताना आधी कोण उघडायचं त्याची यादी. एक ओळ खालनं वर. पुढचं सांगितलंय.

मला पाचशेचं वाईट वाटत नाही. (वाटतंय.) पण नऊ वर्षं झाली, ह्या लॅपटॉपचा कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, बिजागरी सुद्धा चांगली, त्याला आजार काही नाही, फक्त पिढी चुकली. नवा घ्यायचा म्हणजे शंभर-सव्वाशे पत्रिकांची डिझाईनं. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर जो सीझन येतो त्यात पण आता निम्मी लोकं मोबाईलवरच फुकटात पत्रिका बनवतात, गणपती वाकडा असला तरी चालतो त्यांना. असो.

संपलं असं वाटलं तर घड्याळ. संध्याकाळी विंडोज उघडलं तर भिंतीवर सात चाळीस आणि लॅपटॉपवर दोन दहा. बरोबर साडेपाच तास मागं. उबुंटू आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच वेळ इथली समजून वाचतं, नेट बंद असल्यामुळं त्याला सांगणार कोण. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. दुरुस्त केलेलं प्रूफ रात्री सेव्ह केलं, त्याच्यावर दुपारची वेळ पडली, आणि तारखेप्रमाणं लावल्यावर वर दिसली ती चुकीची, संध्याकाळी पाचची जुनी फाईल. तीच केबलनं मोबाईलवर घेऊन गिऱ्हाईकाला पाठवली. त्यात नवऱ्या मुलाच्या काकांच्या नावामागं कै. होतं. काका ठणठणीत. त्यांनी स्वतः फोन केला. "मी बोलतोय," म्हणाले, "कैलासातनं."

रात्रीच दुरुस्ती करायला बसलो. उबुंटूनं पण आतल्या घड्याळात इथलीच वेळ लिहावी म्हणून त्यात एक कमांड द्यायची, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी, पुढं एक. आप्पा मागं उभे.

"आरटीसी? उतारा काढूलास?"

आमच्याकडं जमिनीच्या उताऱ्याला आरटीसी म्हणतात, आणि कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाला पण तेच म्हणतात, ह्यात माझा काही दोष नाही. कमांड चालली आणि उबुंटूची स्टेटस बघितली तर खाली इशारा, आरटीसी लोकल वेळेवर ठेवली आहे, ह्यानं अडचणी येऊ शकतात. आप्पांनी मला मराठीत वाचायला लावलं. मग समाधानानं मान हलवली. "बरोबर हाय. आरटीसी लोकलला गेली की अडचण येतीच."

वेळ आता दोन्हीकडं एकच दाखवतंय. काकांना फोन करून माफी मागितली, त्यांनी पत्रिकेचं काम ठेवलं पण पन्नास रुपये कापले.

पेनड्राईव्ह मात्र त्या दुकानातच राहिलाय. आठ जीबीचा, चांगला चालू. उद्या आणायला जायचंय, पण परत अंकल म्हटलं त्यानं तर? आप्पा म्हणतात मी येतो बरोबर, पंच म्हणून.