पिस्टन आधी, बोअर नंतर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

यझदी 250 मोटारसायकलच्या रिबोअरवर, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कापून थोडा मोठा करण्यावर, मी लिहिलं त्यावर तुमची सणसणीत प्रतिक्रिया वाचली. त्यातला राग बाजूला ठेवला तर मुद्दे तीन उरतात. नुसत्या रिंगा बदलून भागत असताना मी लोकांना फुकट खर्चात पाडतो. 'पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक (सिलेंडर) बोअरिंगला देऊ नका' हे माझं खूळ आहे, कारण पॉइंट पन्नास (मूळ मापापेक्षा 0.50 मिमी मोठा पिस्टन) म्हणजे पॉइंट पन्नास, त्यात मोजायचं काय. आणि पिस्टन मिळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा चालतो, तुमच्या मिस्त्रींनी बसवून दाखवलाय.

रिंगांचं आधी घेतो. यझदीचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 65 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75, ब्लॉक बिडाचा. हा ब्लॉक सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते तिथे जास्त झिजतो, अगदी तळाला नावापुरता. वर तो थोडा लंबगोलही होतो. नवी रिंग गोल असते, ती अशा भोकात सगळीकडे टेकणार कशी? विश्वास नको, मोजून बघा. नवी रिंग ब्लॉकमध्ये वरून सेंटिमीटरभर खाली घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. मग तीच रिंग पार तळाला, खिडक्यांच्या (वायू आत-बाहेर जायच्या भोकांच्या) खाली नेऊन मोजा. व्यास 0.15 मिमी वाढला तर फट 0.47 मिमीने वाढते, कारण परीघ व्यासाच्या 3.14 पट वाढतो. दोन्हीकडे फट जवळपास सारखी आली, ब्लॉकला ओरखडे नाहीत आणि पिस्टन सैल नाही, तर खुशाल रिंगा टाका. मी कशाला अडवू?

आता पॉइंट पन्नास. डबीवर 0.50 लिहिलेलं असतं ती फक्त ओळख. एखादा बनवणारा पिस्टन आणि ब्लॉकमधली फट आधीच वजा करून पिस्टन बारीक ठेवतो आणि त्यावर बोअरचा आकडा मारतो. दुसरा पिस्टनचंच खरं माप मारतो. म्हणजे '65.50' लिहिलेले दोन पिस्टन मायक्रोमीटरखाली वेगवेगळे भरू शकतात, आणि तुमचा बोअरिंगवाला दोन्हींसाठी डोळे मिटून 65.50 चा बोअर काढणार. दुसऱ्या पिस्टनची गाडी दहा किलोमीटरवर जाम होईल. उलट दोन्हींसाठी वर फट धरून बोअर काढला, तर पहिली इंजिन थंड असताना डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजेल. मोजायचं तेही कुठेही नाही : स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), तळाच्या कडेच्या जरा वर, गजन पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनला) काटकोनात. डोक्याकडे पिस्टन मुद्दाम निमुळता ठेवलेला असतो, कारण तापतो तोच भाग जास्त. तिथलं माप धरून बोअर काढला तर तो घट्टच होणार.

फट लागते कशाला? ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. 65 मिमीचा पिस्टन 100 अंशांनी तापला तर सुमारे 0.15 मिमी वाढतो, ब्लॉक तेवढाच तापला तर 0.07. आणि पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्तच तापतो. पिस्टनच्या डबीत फटीचा आकडा दिलेला असेल तर तोच पाळायचा. नसेल तर दर इंच बोअरला एक हजारावा इंच हा जुना ठोकताळा आहे, इथे तो 0.065 मिमीच्या आसपास येतो. 'पिस्टन बोटाने सरकला की झालं' या पद्धतीत 0.04 आणि 0.10 यांतला फरक कळत नाही. तुमच्या मिस्त्रींचा हात कितीही बसलेला असू दे.

दुसऱ्या गाडीच्या पिस्टनबद्दल मात्र मी हट्टी आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हाच व्हॉल्व्ह, खिडक्या तोच उघडतो-मिटतो. पिनपासून डोक्यापर्यंतची उंची दोन मिमी जास्त असली तर एक्झॉस्ट उशिरा उघडतं आणि पिस्टन हेडच्या अंगावर जातो. स्कर्ट आखूड असला तर इनलेट लवकर उघडून उशिरा मिटतं, पेट्रोल कार्बोरेटरमधून उलटं थुंकलं जातं. शिवाय रिंग फिरू नये म्हणून पिस्टनवर असलेली खुंटी नेमकी खिडकीसमोर आली तर रिंगेचं टोक तिथे अडकून तुटतं. 'बसला' आणि 'चालला' यांत एवढं सगळं येतं.

म्हैसूरची आयडियल जावा 1996 मध्ये बंद पडली, त्यामुळे खरा पिस्टन म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरची डबी. पुण्यात नाना पेठेत विचारा, जुन्या बाजारात चक्कर मारा. पण डबी उघडून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, पॉइंट पंचाहत्तरच्या डबीतून पॉइंट पंचवीस निघतो. जो मिळेल त्याच्या मापाने ब्लॉक कापा. ब्लॉक आधीच एक मिमीवर गेला असेल तर नवीन लायनर (ब्लॉकच्या आतली नळी) टाकून स्टँडर्डवर, म्हणजे मूळ 65 वर, परत यायचं, खर्च वाढतो पण मार्ग तोच.

बोअरनंतर खिडक्यांच्या कडा हलक्या घासून बोथट केल्यात ना, ते बघा. ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं करडं यायचं थांबेपर्यंत. नुसत्या पेट्रोलने होनिंगची (बोअर शेवटी घासून घेतल्याची) पूड निघत नाही. लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज दिसतो. गजन पिन जागेवर धरणारी सर्क्लिप नवीनच टाका.

तुमच्या रिंगेची वरची आणि खालची फट मोजून इथे लिहा, ब्लॉक सध्या कुठल्या साइझवर आहे तेही. मग रिंगा की बोअर, यावर आकडे समोर ठेवून भांडू.