धूर नाही म्हणजे धोका नाही? शेगडीच्या त्या फॉरवर्डचा समाचार

थंडी पडली रे पडली की तो मेसेज परत फिरायला लागतो. भावकीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आता सोसायटीच्या ग्रुपवरही कुणीतरी हात जोडलेल्या इमोजीसकट टाकलाय, म्हणून एकदाच बसून लिहिते. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आपले पूर्वज हीटर-गीझरशिवाय मजेत जगले कारण घरात चूल होती, कुणाला काही झालं नाही; तर तुम्हीही झोपताना खोलीत पेटलेल्या कोळशाची शेगडी ठेवा, धूर नसेल तर धोका नाही, दारं-खिडक्या घट्ट लावा म्हणजे ऊब टिकते; लाकूड थोडं ओलसर असलेलं बरं, जास्त वेळ चालतं; आग पेटवायला काही डोकं लागत नाही, रॉकेल नाहीतर दुधाची पिशवी टाका; धुराने जंतू मरतात; लाकूड फुकट आणि निसर्गाला धरून; आणि उरलेली राख झाडांना घाला.

आधीच सांगते, मी चुलीच्या विरोधात नाही. आमचं गाव निफाडकडचं, तिथे थंडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आणि घरी पाणी तापवायला अजून तांब्याचा बंब पेटतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ह्या मेसेजने आगीचं गुणगान केलंय आणि आग सांभाळायची अक्कल तेवढी नेमकी गाळलीये.

"घरात चूल होती, कुणाला काही झालं नाही"

चूल होती, पण घर कसलं होतं ते बघा ना. वर कौलं, कौलांना फटी, स्वयंपाकघराच्या भिंतीत वर झरोका, आणि आढं धुराने काळं कुळकुळीत. ते काळं उगाच नाही झालेलं, सगळा धूर तिकडूनच बाहेर जायचा. आणि आपल्याकडे चूल घर गरम करायला कधी नव्हतीच, ती रांधायला. शेकायचं ते अंगणातल्या शेकोटीला, नाहीतर सकाळी चुलीपुढे पाटावर बसून, आणि झोपताना अंगावर गोधडी, विस्तव राखेखाली. आता हीच आग उचलून तुम्ही नेताय कुठे, तर स्लॅबच्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये, जिथे स्लायडिंगच्या खिडकीला रबराची पट्टी आहे आणि दाराखाली थंडी येऊ नये म्हणून टॉवेल कोंबलाय. आजीच्या घरातली आग घेतली आणि आजीच्या घरातली भोकं तिथेच सोडली.

आणि "काही झालं नाही" हे कुणाला विचारून लिहिलंय? चुलीपुढे आयुष्य काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, डोळ्यांतून पाणी आणि बाराही महिने खोकला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे की घरातल्या धुराने जगभरात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात, त्यात पाच वर्षांखालची मुलंच दोन लाखांवर. ही माणसं खोकत खोकत, न्यूमोनियाने, फुप्फुसाच्या जुनाट आजाराने, हृदयविकाराने जातात, त्यामुळे "चुलीने मेली" असं कुणी म्हणत नाही एवढंच.

मग काश्मिरात, युरोप-अमेरिकेत लोक लाकडावर घर गरम करतात ते कसं? करतात, आणि छान करतात, पण बंद दाराच्या लोखंडी स्टोव्हमध्ये, ज्याचा पाइप थेट छपराबाहेर जातो. काश्मीरची बुखारी तीच. त्या पाइपात कच्च्या धुराचं डांबरासारखं काळं किटण साठतं, ते दरवर्षी खरवडून काढावं लागतं, नाहीतर एखाद्या रात्री तेच पेट घेतं आणि आग छपरापर्यंत जाते. म्हणजे तिथेही लाकूड आणून टाकलं आणि झोपलो असं नसतं.

"धूर नसेल तर धोका नाही"

हे वाक्य मेसेजमधलं सगळ्यात वाईट. बाकीच्या चुकांनी डोळे चुरचुरतील, ह्या वाक्याने माणूस मरतो.

लाकडातून धूर निघतो तो सुरुवातीला, लाकूड तापून त्यातले वायू सुटतात तेव्हा. ते जळून गेले की उरतो निखारा, म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन. त्याला भरपूर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. आणि लाल इंगळांचा ढीग असला की खाली तयार झालेला डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना परत मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. म्हणजे धूर संपून छान लालभडक शेगडी दिसते, घरातले म्हणतात "आता आत आणा", तेव्हाच ती हा वायू जोरात सोडत असते. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. धूर निदान तुम्हाला उठवून बाहेर तरी काढतो, हा उलट झोपवतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो, त्यामुळे हवेत अगदी थोडा असला तरी हळूहळू जागा बळकावत जातो. डोकं जड होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि थंडीत रात्री अकराला असं वाटलं तर माणूस काय करतो, पांघरूण ओढून झोपतो. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावाल तर तो ९८ दाखवेल, कारण हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय का मोनॉक्साइड हे त्या साध्या यंत्राला ओळखूच येत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बातमी येते, अंगीठी लावून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हिमवादळात वीज गेली तेव्हा शिकले-सवरलेले लोक घरात कोळसा पेटवून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून शेकत बसले आणि शेकडो जण विषबाधेने दवाखान्यात गेले, काही गेलेच.

तेव्हा शेगडी हवीच असेल तर गच्चीत, अंगणात, पडवीत घ्या, हातपाय शेका आणि ती बाहेरच ठेवून आत या. विस्तव आत घेऊन झोपायचं नाही. खिडकी जराशी उघडी ठेवली म्हणून सुद्धा नाही. आणि बसल्या जागी घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं तर दार उघडून सगळ्यांना बाहेर काढा, कारण मग शोधा, आणि दवाखान्यात गेल्यावर शेगडी लावली होती हे आपणहून सांगा.

"ओलसर लाकूड जास्त वेळ चालतं"

चालतं की, कारण ते जळतच नाही, धुमसत बसतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, म्हणजे किलोभर सरपणात अर्धा लिटर पाणीच तुम्ही चुलीत सारलंत. हिशोब काढला तर तसल्या किलोतून साधारण ८ मेगाज्यूल उष्णता हाती लागते, आणि चांगल्या वाळलेल्या, २० टक्क्यांपर्यंत ओल असलेल्या किलोतून १४. पण खरी गोम पुढेच आहे. पाण्याची वाफ करण्यात आगीचा जोर जातो, आग थंड पडते, आणि लाकडातून सुटलेले वायू पेटायला जी साधारण सहाशे डिग्री लागते ती येतच नाही. ते वायू मग तसेच धूर होऊन जातात. धूर म्हणजे तुमचंच न जळलेलं जळण, फुकट गेलेलं. इंग्लंडने २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या सरपणाला हीच २० टक्क्यांची अट घातलीये, ओलं विकताच येत नाही.

वाळलेलं ओळखायला मशीन लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, टणटण वाजले तर वाळलेत, धप्प वाजले तर नाही. टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सुटायला आलेली असते, आणि हातात घेतल्यावर वाटतं त्यापेक्षा हलकं लागतं. आणि अख्खा ओंडका वर्ष ठेवला तरी आत ओल राहते हो, फोडूनच ठेवावा लागतो, खाली दगड देऊन जमिनीपासून वर, वरून झाकलेला पण बाजूंनी वारा खेळता. ताडपत्रीत गच्च गुंडाळलं की संपलं, बुरशी येते. आमच्याकडे पावसाच्या आत सरपण पडवीत रचायची जी घाई असते ती ह्याच्यासाठी. लाकूडही सगळं सारखं नसतं, बाभळीचा निखारा टिकतो, शेवगा-पांगारा भुर्रकन संपतो, पेटवायला ठीक.

"आग पेटवायला काही डोकं लागत नाही"

बरं, मग या आमच्याकडे आणि पहाटे बंब पेटवून दाखवा. शहरातून आलेले पाहुणे काय करतात मी बघितलंय: नळीत जाड ढलपी कोंबायची, वरून कागद, वरून अजून लाकूड, आणि मग खालच्या दारातून सगळा धूर तोंडावर.

बंबात मधोमध नळी असते, भोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. ती नळी हेच धुराडं. म्हणून पहिलं काम म्हणजे कालची राख पाडून जाळी मोकळी करायची, हवा तिथूनच वर येते. मग गोवरीचा तुकडा मोडून, त्यावर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आणि चिपाडं, सैलसर, मध्ये फट राहील अशी, आणि पेटता कागद खालून. आता हात आवरायचा. तुराट्या तडतडायला लागल्या, नळी तापली, की ती आपणच खालून हवा ओढायला लागते, बारीक घूं असा आवाज येतो, मग अंगठ्याएवढ्या काटक्या, त्या पेटल्या की मग ढलप्या. वर बघत राहायचं. सुरुवातीचा धूर दाट पांढरा, मग पातळ, आणि नीट पेटलं की काहीच दिसत नाही, नुसती वरची हवा हलताना दिसते. माझी चुलत सासू हे आतल्या खोलीतून नुसत्या आवाजावर सांगते, "कोंबलंस गं, एक काढ." चुलीचंही तेच, आच वाढवायला लाकूड पुढे सारायचं, कमी करायला मागे ओढायचं, आणि फुंकणीने फुंकायचं ते निखाऱ्याच्या बुडाशी, ज्वाळेवर नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही, चार वेळा धूर खाऊनच येतं.

रॉकेल टाकायचं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं ऐका की धुमसत्या विस्तवावर रॉकेल पडलं की आधी त्याची वाफ होते आणि मग भस्सकन पेटते, ती तोंडापर्यंत येते. भाजलेल्यांच्या वॉर्डात विचारा. दुधाची पिशवी वितळून तिचे पेटते थेंब पडतात, आणि लोक तेवढ्यावर थांबत नाहीत, टायरचे तुकडे, वायरी, जुने पाइप सगळं घालतात. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि डायॉक्सिन असतं. आणि मजा म्हणजे ज्याला हवा आणि वाळलेलं जळण कळतं त्याला ह्यातलं काही लागतच नाही, पिशवी लागते ती ज्याचं लाकूड ओलं आहे त्याला.

"धुराने जंतू मरतात"

ह्यावर फार लिहीत नाही. डास थोडे पळत असतील, धान्याच्या कणगीला धूर देतात तेही खरं, पण कणगीला फुप्फुसं नसतात.

"लाकूड फुकट आणि निसर्गाला धरून"

फुकट कुणाला? ज्याच्या घरात बाई मैलभर जाऊन मोळी आणते त्याला. तिच्या वेळेचे पैसे धरले तर सिलिंडर स्वस्त निघेल. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, घरोघर कनेक्शन गेलं, तरी रिफिलचे पैसे जमेनात म्हणून कितीतरी घरांत चूल परत पेटली, आणि ती हौसेने नाही. त्यांना "नैसर्गिक ऊब" वगैरे ऐकवू नका प्लीज.

निसर्गाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. तुराट्या, कपाशीच्या पळकाट्या, उसाचं पाचट दरवर्षी नव्याने येतं, ते जाळलं तर पुढच्या पिकात तो कार्बन परत ओढला जातो. पुण्याच्या आरती (ARTI) ह्या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने शेतात नुसतंच जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटाचा कोळसा करायचं तंत्र बसवलं, शाश्वत ऊर्जेसाठीचा २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला त्याला. पण चाळीस वर्षांची बाभूळ तोडून एका हिवाळ्यात जाळली तर तेवढी परत उभी राहायला चाळीस वर्षं जाणार, आणि कुणी लावली तर. शिवाय साध्या उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा दहाएक टक्केच भाग भांड्यात जातो, बाकी आढ्याला.

"राख झाडांना घाला"

घाला, पण लगेच नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेत इंगळ दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, आधीच्या बायका सकाळी त्याच्यावरच चूल पेटवायच्या. ती राख प्लॅस्टिकच्या डस्टबिनमध्ये ओतली की काय होतं ते कळेलच. पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, पाणी शिंपडून दोन दिवस ठेवा आणि मग मूठभर टाका, जास्त नको, राख अल्कधर्मी असते आणि आपल्याकडची काळी माती आधीच तशी आहे. आणि ज्यांनी दुधाच्या पिशव्या जाळल्यात त्यांनी ती राख भाजीच्या वाफ्यात अजिबात घालू नका.