रजा दान केली तरी कर आपल्याच पगारातून जातो

‘शिल्लक रजा संस्थेला दिली की त्या रकमेवर कर लागत नाही,’ हे तुमच्या रजादानावरच्या लेखातलं वाक्य आपल्याकडे लागू नाही. अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर आणि कोविडमध्ये तिथल्या कर खात्याने तशी खास सवलत दिली होती, तीही ठरावीक मुदतीपुरती. आपल्याकडे नोकरीत असताना रजा विकली, म्हणजे न घेतलेल्या रजेचे कंपनीकडून पैसे घेतले, की तो पगारच, पूर्ण करपात्र. २५ लाखांपर्यंतची सूट खासगी नोकरीवाल्यांना मिळते ती निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना.

२०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या लोअर परळच्या ऑफिसात आम्ही काही जणांनी रजा विकून मदत केली. माझ्या रजेचे २०,००० झाले. पगाराच्या स्लिपवर बघते तर ६,२४० टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापलेला! मी संस्थेला पूर्ण वीस हजारच पाठवले, वरचे घरखर्चातून घातले. मग ८०जीची, म्हणजे देणगीवर करवजावट देणाऱ्या कलमाची, पावती रिटर्नला लावली, पण वजावट निम्म्याच रकमेची, म्हणजे करातले परत आले ३,१२०. आता तर नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी नाहीच. जुनी निवडली नसेल तर एक पैसा सुटत नाही. पगारदार माणूस हक्काची सुट्टी दुसऱ्यासाठी सोडतो, त्यावर तरी सरकारने कर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तोवर लेखातलं ते वाक्य कृपया दुरुस्त करा, लोक त्यावर विसंबून एचआरकडे अर्ज देतील.