क्षितिजाच्या आतलं: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

कृष्णविवरावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'आत गेलेलं काहीच बाहेर येत नाही, मग आतलं वर्णन तपासणार कोण? हे विज्ञान नव्हे, गणिताच्या वेषातली दंतकथा आहे.' आक्षेप तळमळीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटीने सिंग्युलॅरिटी नाहीशी केली' असं मी ठोकून दिलं होतं. (सिंग्युलॅरिटी म्हणजे कृष्णविवरातला तो शेवट, जिथे गणित अनंतावर जाऊन अडतं; लूप क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षणाला क्वांटमच्या, म्हणजे अतिसूक्ष्म जगाच्या, नियमांत बसवू पाहणारा एक सिद्धांत.) हे त्या सिद्धांताच्या सोप्या प्रारूपांत दिसतं, एवढंच म्हणायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण दंतकथा? ते मान्य नाही. दंतकथेत काहीही घडू शकतं, इथे समीकरणं तशी मोकळीक देत नाहीत. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी काढलेलं, न फिरणाऱ्या कृष्णविवराचं १९१६चं सूत्र घ्या. त्यात एक पद काळाचं, एक त्रिज्येचं. त्रिज्या क्षितिजापेक्षा, म्हणजे ज्या सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही तिच्यापेक्षा, लहान धरली की या दोन पदांची अधिक-उणे चिन्हं उलटतात. वहीत करून बघा, दोन ओळींचं काम आहे. अर्थ असा, की आत शिरल्यावर त्रिज्या कमी होणं म्हणजेच वेळ पुढे सरकणं. सिंग्युलॅरिटी ही मधोमध ठेवलेली वस्तू नाही, ती येणारी वेळ आहे. उद्याच्या सकाळीला वळसा घालता येत नाही, तसा तिलाही नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं जड आहे. ते फिरत नाही असं धरलं, तर क्षितिज ओलांडल्यापासून जास्तीत जास्त ६६ सेकंदांच्या आसपास मिळतात. यानाचं इंजिन कितीही जोरात चालवा, त्यापुढे एक सेकंदही वाढवून मिळत नाही.

शेवटी अवकाश-काळाची वक्रता अनंत होते, म्हणजे तिथे आइन्स्टाइनच्या सिद्धांतानेच हात टेकलेले असतात. पुढचं क्वांटम सिद्धांताने सांगायला हवं. मूळचे शिरपूरचे अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी लूप क्वांटम ग्रॅव्हिटीच्या ज्या वाटेने गेले, तिथे क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येत नाही, त्याला किमान तुकडा असतो. त्यामुळे वक्रता एका मर्यादेला पोचून थांबते आणि काळ पलीकडे चालू राहतो.

आता मुख्य मुद्दा. आतलं सोडून देऊ म्हटलं तरी सोडता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की कृष्णविवर मंदपणे प्रारण सोडतं आणि आटत जातं. पूर्ण आटल्यावर आत पडलेल्याची माहिती गेली कुठे? क्वांटम सिद्धांतात माहिती पुसली जात नाही. तेव्हा बाहेर निघालेल्या प्रारणाचा हिशेब आतल्याला धरूनच लावावा लागतो. २०१९च्या गणितांनी हाच धागा पकडला: आटण्याच्या उत्तरार्धात आतल्या भागाचा काही अंश बाहेरच्या प्रारणाच्या खात्यात मोजला, तर माहिती टिकते. ही गणितंही सोप्या प्रारूपांवरचीच आहेत, हे या वेळी आधीच सांगते.

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण खरा. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान केल्विनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी भरतं, आणि भोवतीचं आकाश २.७ केल्विनचं. अशी विवरं आज आटत नाहीत, उलट बाहेरची ऊर्जा गिळून वाढतात. त्यांचं प्रारण मोजायची सोय नाही. 'अजून तपासलेलं नाही' असं लिहिलं असतंत, तर मी वाद घातला नसता.

वहीतल्या त्या दोन ओळी केल्यात, तर काय आलं ते जरूर कळवा.