एका रात्रीच्या चादरी

मे संपत आला की गावाकडून माझ्या फोनवर दोन व्हिडिओ हटकून येतात. एकात हिरड्या-बेहड्यावर काजव्यांची लखलख, दुसऱ्यात भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची रांग. दोन्ही एकाच रात्रीचे. खाली वादही ठरलेला. बंदी घाला, जंगलाची वाट लावली, असं एकाचं म्हणणं. बंदी घातली तर घाटघर-उडदावण्याच्या पोरांनी खायचं काय, असं दुसऱ्याचं. पाऊस लागला की काजव्यांच्या जागी धबधबे येतात आणि वाद तसाच पुढे सरकतो. 2024 मध्ये भुशी धरणाजवळ कुटुंब वाहून गेलं, 2025 मध्ये कुंडमळ्याचा पूल कोसळला, तेव्हाही किती लोकांना सोडायचं यावरच सगळे भांडत होते.

आलेला माणूस तिथे किती वेळ थांबला, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी नऊ वर्षं जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेच्या एका खेड्यात राहतो. माझा चुलतभाऊ अकोले तालुक्यात चार खोल्यांचं होमस्टे चालवतो. त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत: ‘शनिवारी पाय ठेवायला जागा नाही, सोमवार ते शुक्रवार कुत्रं फिरकत नाही.’ शनिवारी संध्याकाळी लोक येतात, रात्री काजवे बघतात, रविवारी पोहे खाऊन निघतात. वहिनीच्या वाट्याला चार खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल येतात. आणि हे कधी, तर मे अखेरीस, विहिरी तळाला गेलेल्या असताना. पावसाच्या माहेरघरात त्या दिवसांत पाणी विकत आणावं लागतं. तोच पाहुणा तीन रात्री राहिला असता तर चादरी एकदाच धुवाव्या लागल्या असत्या, गाडी एकदाच आली-गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो शेजारच्या कुणाला तरी सोबत घेऊन रतनगड चढला असता. म्हणजे दोन पैसे त्या वाटाड्यालाही मिळाले असते. सध्या रात्रीच परतणारा जो पाहुणा आहे, तो नाक्यावर पावती फाडतो, काजव्यांवर हेडलाइट मारतो, पाण्याची बाटली टाकतो आणि घोटीमार्गे पसार होतो. काजवे एकमेकांना उजेडानेच शोधतात, तिथे हेडलाइट म्हणजे लग्नाच्या मांडवात सायरन.

इथे माझ्या शेजारच्या आजी घराचा वरचा मजला सुट्टीवर येणाऱ्यांना देतात. त्यांच्या पाटीवर पर्यावरणाबद्दल एक अक्षर नाही. ‘किमान तीन रात्री’ एवढंच आहे. शिवाय निघतानाच्या साफसफाईचे पैसे वेगळे, एकदाच, राहा तीन रात्री किंवा दहा. साहजिकच थोडक्या मुक्कामाचा हिशेब पाहुण्यालाच महाग पडतो आणि तो आपण होऊन मुक्काम वाढवतो. रात्रीमागे गावाचा कर असतो, त्याला कुरटाक्स म्हणतात. तो पायवाटा, बाकं, फलक अशा पाहुण्यांच्या सोयींवरच खर्च करावा लागतो. त्याच्या बदल्यात ब्लॅक फॉरेस्टच्या बहुतेक गावांत पाहुण्याला ‘कोनुस’ नावाचं कार्ड मिळतं. ते दाखवलं की मुक्काम असेपर्यंत त्या भागातल्या बसा आणि लोकल गाड्या फुकट. गाडी दारात उभी ठेवून लोक बसने फिरतात. राहणाऱ्याला बक्षीस आहे आणि त्याचे पैसे राहणाराच भरतो.

हे लिहिताना मला ‘आमच्याकडे बघा’ अशी टिमकी वाजवायची नाही. जर्मन माणूस तीन रात्री राहतो तो काही जात्या शहाणा म्हणून नाही. कायद्याने त्याला वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा आहे. शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या राज्याराज्यांत जूनअखेर ते सप्टेंबर अशा मागेपुढे ठेवलेल्या असतात, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर उतरत नाही. पुण्यातल्या कंपनीत शनिवारीही अर्धा दिवस भरणाऱ्याला ‘सावकाश प्रवास करा’ म्हणणं ही चेष्टा आहे. आणि इथेही टिटिझे तलावाच्या काठावर बस थांबते, लोक उतरतात, कुकू घड्याळं बघतात, फोटो काढतात आणि बस निघते. व्हेनिसने तर 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. तिथे रात्री मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहे.

व्हेनिसची ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी आणावी, असं मला वाटत नाही. एका दिवसासाठी येणाऱ्यांत मोठ्या गाडीतून येणारे असतात तसे दुचाकीवर पोराला पुढे बसवून आलेलेही असतात. त्या माणसाकडे रविवार सोडून दुसरा दिवस नसतो आणि होमस्टेचे पैसेही नसतात. डोंगर त्याचाही आहे. त्याच्यासाठी भंडारदऱ्याच्या शेंडी गावापासून आत रात्रीच्या बसा सोडाव्यात आणि खासगी गाड्या बाहेर थांबवाव्यात, म्हणजे काजवेही वाचतील आणि तोही.

मुक्काम लांबला म्हणजे सगळं भलंच, असंही नाही. सगळ्यात लांब मुक्काम करणारा पाहुणा कोण, तर गावात फार्महाऊसचा प्लॉट घेणारा. मुक्काम फार लांबला की तो सातबाऱ्यावर येतो. मग वर्षातले पंधरा दिवस दिवे लागतात आणि बाकी साडेअकरा महिने कुंपण.

राहता राहिला सरकारी हिशेब. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, तरी यशाची बातमी येते ती ‘इतके पर्यटक आले’ अशीच. गावोगावच्या कृषी पर्यटन केंद्रांच्या जाहिराती बघा: सकाळी नाश्ता, बैलगाडी, हुरडा, जेवण, संध्याकाळी चहा आणि रवानगी. दिवस असा काठोकाठ भरून दिल्यावर दुसऱ्या दिवसासाठी थांबायचं कशाला? (गेल्या खेपेला मी स्वतः भावाकडे शनिवारी दुपारी पोचलो आणि रविवारी नाश्ता करून पुण्याला निघालो. वहिनीने चादर माझीही धुतली.)

फोनवर भावाला आजींची पाटी वाचून दाखवली. तो हसला. ‘शनिवारी दोन रात्रींची अट घातली तर माणूस सरळ शेजारच्या तंबूत जाईल,’ म्हणाला. खरं आहे, एकट्याने अट घालून भागत नाही, सगळ्या गावाने मिळून घालावी लागते, आणि तंबूवाल्यांपैकी अर्धे गावचे नाहीतच. पण साफसफाईचे पैसे वेगळे लावायची कल्पना वहिनीने मागून ऐकली आणि फोन हातात घेतला. मेमध्ये शाळांना सुट्टी असते, तेव्हा सोमवार ते गुरुवार दोन रात्री राहणाऱ्यांना ते पैसे माफ करायचे, असं तिने ठरवलंय. सध्या एकाच खोलीला. मागच्या अंगणाकडच्या.