मागचे बुश ‘आयुष्यभरासाठी’ बदलायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

जुन्या स्पोर्ट्स कार जपणाऱ्या कोल्हापूरच्या मंडळींत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या (आर्मच्या) जोडात बसणाऱ्या रबर भरलेल्या लोखंडी नळ्या, गेले की परत रबरच घालणं म्हणजे पैसे पाण्यात. पॉलियुरेथेन (पॉली) नावाच्या कडक प्लास्टिकचे घाला, आयुष्यभर बघायला नको. तेही महाग वाटत असेल तर उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर नायलॉनचे कातून घ्या. गाडी जॅकवर घ्या, जुने जाळून काढा, नवे ठोका, बोल्ट आवळा, झालं. अलाइनमेंट लागते ती पुढच्या चाकांना. आणि खडखड येत नसेल तर बुशला हातच लावू नका.

करूळ घाट पावसात उतरणाऱ्या माणसाने हे ऐकून गाडी हाताळली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आवाज नाही म्हणजे बुश चांगला.’ फाटलेलं रबर बऱ्याचदा मुकाट्याने फाटतं. एका मित्राच्या दोन आसनी गाडीचं हेच झालं होतं. आवाज शून्य. तक्रार एवढीच, की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू किंचित सरकल्यासारखी वाटते. मागच्या टायरची आतली कड तारेपर्यंत आली होती आणि बाहेरून नक्षी नव्यासारखी. प्रेसवर बुश बाहेर आला तेव्हा आतल्या नळीच्या कडेने रबर चंद्रकोरीसारखं सुटलेलं होतं, फटीत नख जात होतं, आणि नळी मध्यावर नव्हतीच, एका अंगाला बसली होती. अशी नळी ब्रेक मारल्यावर एकीकडे जाते, गिअरमध्ये ओढ घेतली की दुसरीकडे, आणि तिच्यामागून चाकही दिशा बदलतं. गळिताच्या हंगामात वळणावर अचानक बिनदिव्याची उसाची ट्रॉली समोर आली, तर नेमक्या त्याच क्षणी मागची चाकं बाहेर वळायला नकोत. त्यामुळे कान लावून बसू नका. गाडी रॅम्पवर घ्या, बुशजवळ टॉमी (लोखंडी पहार) अडकवून हलवा आणि डोळ्यांनी बघा. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा.

‘रबर म्हणजे जुना जमाना.’ माझा सगळ्यात मोठा आक्षेप याला आहे. बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मधे दोन्हींना चिकटवून भाजलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) घट्ट, आतली बोल्टने गाडीच्या कंसात (ब्रॅकेटमध्ये) घट्ट. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच कशावर घासत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. हे रबर कुठल्या दिशेला नरम आणि कुठल्या दिशेला कडक असावं हेसुद्धा गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही बुशच्या रबरात पोकळ्या दिसतात, त्या साहित्य वाचवायला ठेवलेल्या नाहीत. पोर्शने १९७७ साली ९२८ आणली, तिच्या मागच्या ॲक्सलचं वैशिष्ट्यच हे होतं की वळणात पाय काढला तर जोडातल्या लवचीकपणामुळे मागचं चाक बाहेर न फिरता किंचित आत फिरावं आणि गाडीने शेपूट फेकू नये. माझ्दाने दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्येही मागच्या चाकांचा कोन सांभाळायला बुशचाच उपयोग केला. तिथे रबर काढून कडक बुश घालणारा माणूस गाडीचं मूळ डिझाइनच काढून टाकतो. सुधारणा होते की नुकसान, हे तो करण्याआधी त्याला ठाऊक पाहिजे.

एकाच आसावर फिरणाऱ्या जोडात पॉली चालतो. पण बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ सारख्या गाडीचा ट्रेलिंग आर्म (चाकापासून पुढे जाणारा दांडा) वर-खाली होता होता बाजूलाही कलतो. तिथे कडक बुश अडकतो आणि रबराने सोसायचा ताण कंसाकडे आणि पत्र्याकडे जातो. फक्त ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर हा सौदा मला मान्य आहे. रोज राजारामपुरीतून शिरोलीला जाणाऱ्या गाडीला नाही.

‘आयुष्यभर’ हा शब्दही खरा नाही. पॉलियुरेथेनच्या पॉलिएस्टर जातीला उष्णता आणि ओल एकत्र सोसत नाही, पाण्याने ती हळूहळू विरते. पॉलिईथर जात जास्त टिकते, पण पाकिटावर जात लिहिलेली क्वचितच सापडते. पॉलीत आतली नळी फिरत असते, म्हणून सिलिकॉन ग्रीस लागतं. ते धुऊन गेलं की कुरकुर सुरू. गगनबावड्याच्या पावसात ग्रीस किती दिवस राहणार?

आता नायलॉन. उद्यमनगरातल्या टर्नरबद्दल मला नितांत आदर आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिराच्या गावात लोखंडाचं काही अडत नाही. पण प्रश्न कातण्याचा नाहीच, सुबक कातलेला नायलॉनचा बुशसुद्धा पिळ घेत नाही. शिवाय नायलॉन हवेतली ओल शोषून फुगतो, त्यामुळे उन्हाळ्यात नेमका बसवलेला बुश जुलैत आवळतो. रबर लोखंडाला पक्कं धरावं यासाठी साचा, चिकटवणारं रसायन आणि ठरलेल्या तापमानाला भाजणं लागतं, आणि ते काम लेथचं नव्हे. त्याच टर्नरकडून बुश दाबायचा ठोकळा आणि पलीकडची वाटी करून घ्या. ठोकळ्याची कड फक्त बाहेरच्या नळीवर टेकली पाहिजे, नाहीतर नवं रबर दाबतानाच फाटतं. पोकळ्यांचा रोख जुन्या बुशवरून आधी आर्मवर खुणेने उतरवून घ्या.

जाळण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. धूर विषारी, आणि आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर आचेने त्याची ताकद जाते. हायड्रॉलिक प्रेस गल्लोगल्ली आहे, तिथे न्या. बुश जोडीनेच बदला.

‘जॅकवरच बोल्ट आवळा’ या सल्ल्याने चांगले रबरी बुश अकाली मरतात. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्या कोनात पकडली जाते. गाडी खाली टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, वजन चाकांवर घ्यायचं आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. झेड-४ च्या ट्रेलिंग आर्मचं काम थोडं वेगळं: तिथे कंस गाडीला लावण्याआधीच आर्मशी ठरलेल्या कोनात ठेवून आडवा बोल्ट आवळावा लागतो. काढण्यापूर्वी तो कोन खुणेने टिपून ठेवा.

राहिली अलाइनमेंट. ज्याच्या मागच्या चाकांना स्वतंत्र आर्म आहेत अशा गाडीत एका मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बदलला की गाडी त्या दिशेने ढकलली जाते, आणि पुढची चाकं कितीही सरळ केली तरी स्टिअरिंग तिरकं राहतं. झेड-४ मध्ये तर मागचा टो बसवतात तो बुशच्या कंसाची लांबट भोकं सरकवूनच. तो कंस सोडला म्हणजे टो गेला. पहिल्या दोन पिढ्यांच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये मागच्या खालच्या आर्मचे विकेंद्री बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) टो आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही ठरवतात. तिथे खुणा करून परत जुळवलं तरी पुरत नाही, कारण जुन्या खुणा सैल बुशच्या हिशोबाच्या असतात. म्हणून चारही चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याकडे जा, आणि आधीची व नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागून घ्या. त्यात मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाचा टो वेगवेगळा दिसला, तर पैसे देण्याआधी गाडी परत रॅम्पवर चढवायला सांगा.