बदली तासांची वही आणि जुळलेली मनं : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

शाळेतल्या स्टाफच्या आपसातल्या संबंधांवर मी लेख लिहिला होता. गैरहजर शिक्षकाच्या जागी दुसऱ्याला घ्यावे लागणारे तास, म्हणजे बदली तास, कुणाला किती दिले याची वही ठेवावी, असं त्यात सुचवलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. तुम्ही लिहिलंत, ‘बाई, शाळा म्हणजे बँक नव्हे. नोंदवह्या ठेवून माणसं जवळ येत नाहीत, मनं जुळावी लागतात. आमच्या वेळी हेडमास्तरांचा एक शब्द पुरायचा आणि सगळा स्टाफ एकत्र जेवायचा.’ पुढे हॉथॉर्नच्या प्रयोगांचं साल चुकल्याचं दाखवलंत. लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासांवर नेमलेल्या, शिक्षकांबद्दल आणि व्यवस्थापन समितीच्या ढवळाढवळीबद्दल मी गप्प का, असं विचारलंत. आणि शेवट केलात तो असा : ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं. तुमच्या शाळेत तरी ही वही कोण बघतं?’

सालाबद्दल तुमचं बरोबर आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड कमीजास्त करून काम मोजण्याचे प्रयोग 1924 मध्ये सुरू झाले. मी लिहिलेलं 1927 हे साल टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मुलींच्या वेगळ्या खोलीचं आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

एसीचं मात्र मनाला लागलं. मी 27 वर्षं शिकवते आहे आणि त्यातली 11 वर्षं वेळापत्रक आणि बदली तास माझ्याकडे आहेत. आमच्या स्टाफरूममध्ये दोन पंखे आहेत. मतभेद असावेत, पण समोरचा माणूस न बघता तो कुठे बसून लिहितो हे ठरवून टाकायचं, आणि ‘बाई’ म्हणून समजूत घालायच्या सुरात लिहायचं, हे एका मुख्याध्यापकाला शोभत नाही. स्टाफशी कसं बोलावं याविषयीच्या लेखाखाली हा सूर यावा, याचं जास्त वाईट वाटलं.

आता तुमचं ते एक वाक्य. ‘नोंदवह्या ठेवून माणसं जवळ येत नाहीत.’ सर, माणसं जवळ येण्याआधी एकमेकांपासून लांब कशामुळे जातात, हे कधी मोजून बघितलंत का? मी बघितलंय, म्हणून हिशेब मांडते.

18 शिक्षकांचं हायस्कूल धरा. रोज सरासरी 2 जण रजेवर, ट्रेनिंगला किंवा खात्याच्या कामाला. प्रत्येकाचे 5 तास, म्हणजे रोज 10 वर्ग बाईंविना, सरांविना. सहा दिवसांचे 60. उरलेल्या 16 जणांत सारखे वाटले तर माणशी पावणेचार तास येतात. एवढे कुणालाही जड नाहीत. पण वाटप कोण करतं? सकाळच्या घाईतला पर्यवेक्षक. तो समोर दिसेल त्याला देतो, किंवा जी कधी ‘नाही’ म्हणत नाही तिला देतो. ज्याच्याशी वाद होईल त्याला टाळतो. महिनाभर असं चाललं की एकीकडे आठवड्याला 7 तास जातात आणि दुसऱ्याकडे 1. यात कुणाच्याही मनात वाईट नसतं. फक्त मोजलेलं नसतं.

आता त्या 7 तासांची किंमत बघा. भाषेच्या शिक्षिकेला आठवड्याला साधारण 15 तास मोकळे मिळतात. तिच्याकडे 4 वर्ग, वर्गात 40 मुलं. निबंधाची एक वही नीट वाचून, खुणा करून परत द्यायला 3 मिनिटं लागतात. 40 वह्यांना 120 मिनिटं, म्हणजे 40 मिनिटांचे 3 तास. चार वर्गांचे 12. पंधरातून 12 गेले तरी चहाला, पालकांना भेटायला 3 उरतात. पण पंधरातले 7 आधीच गेले असतील तर हातात राहतात 8, आणि वह्यांचे गठ्ठे पिशवीतून कदंबच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसने घरी जातात. रात्री स्वयंपाक आटपून ती त्या तपासत असते, तेव्हा स्टाफरूममध्ये आरामात पेपर वाचणाऱ्या सहकाऱ्याबद्दल तिला काय वाटत असेल? त्याच्याशी तिचं मन जुळवायला तुम्ही कुठली आपुलकी आणणार?

हे काम ज्या पद्धतीने सांगितलं जातं तेही पाहा. तिसरा तास चालू आहे. गणिताच्या बाई फळ्यावर समीकरण सोडवतायत, दोन ओळी झाल्यात. शिपाई दारात उभा राहतो. हातात परीक्षेच्या उरलेल्या कागदाचा फाडलेला चतकोर. त्यावर पेनाने ‘8-ब, 4था’ आणि खाली दोन आद्याक्षरं. बाई खडू न ठेवताच सही करतात, कागदावर पांढरी बोटं उमटतात. मुलं बघत असतात. बाईंचा चौथा तास गेला हे त्यांना बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळतं. त्या चिठ्ठीवर कारण नाही, ‘कृपया’ नाही, या महिन्यातला हा कितवा तेही नाही.

म्हणून वही. तुम्हाला ती बँकेची वाटली, तर ती कशी असते ते सांगते. लांब रेघांची साधी वही. तारीख, कोण गैरहजर, वर्ग, तास, कुणाला दिला, सही, असे सहा रकाने. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं आणि महिन्याची बेरीज, दर शनिवारी भरायची. तास देताना आधी त्या वर्गाला शिकवणारं कुणी मोकळं आहे का ते बघायचं, म्हणजे मुलांचा तास वाया जात नाही. नसेल तर ज्याची बेरीज सगळ्यांत कमी त्याला. ओळीने 4 तास झालेल्याला पाचवा द्यायचा नाही. आणि हे सगळं प्रार्थनेपूर्वी लागलं पाहिजे, म्हणजे माणूस दिवस आखून वर्गात जातो. कुणी अचानक घरी गेला तरच मधे चिठ्ठी, आणि तीही शिपायाने दोन तासांच्या मधल्या वेळेत न्यायची.

ही वही बिघडतेही, आणि कशी बिघडते ते मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तो भाग वाचलेला दिसत नाही. वाटप करणारा स्वतःचं नाव यादीत घालत नाही, तिथे ती पहिली मरते. माझं नाव माझ्या यादीत पहिलं असतं. दुसरं म्हणजे बेरीज ऑफिसच्या कपाटात ठेवली तर वही असून नसल्यासारखीच. संशय न दिसणाऱ्या आकड्यावर पोसला जातो. तिसरं, स्पर्धेला मुलं घेऊन गेलेल्या शिक्षकाचा दिवस ‘फिरायला गेले’ म्हणून धरला, तर पुढच्या वर्षी मुलांना न्यायला कुणी तयार होत नाही. लेक्चर बेसिसवरच्या माणसाला तासावर पैसे मिळतात. बदली तास त्याच्या बिलात लागत नसेल तर तो त्याला देऊच नये. एवढं तरी शाळेच्या हातात असतं. बाकी त्यांच्या नेमणुकीचा आणि पगाराचा प्रश्न सरकारदरबारचा आहे, तो या लेखाचा विषय नव्हता. समितीच्या ढवळाढवळीचंही तसंच.

हॉथॉर्नचा मुद्दा तुम्ही सालापाशी सोडलात. मला तो तिथे सोडायचा नाही, कारण ‘माणसांकडे प्रेमाने लक्ष दिलं की काम वाढतं’ असं सांगायला सगळे त्याच प्रयोगाचा दाखला देतात. त्या खोलीत पाच मुली रिले जोडत होत्या. त्यांच्याकडे लक्ष दिलं गेलं, त्यांचं ऐकलं गेलं, हे खरं. पण त्याच वेळी त्यांच्या पैशाचा हिशेबही बदलला होता. आधी मोठ्या विभागाच्या एकत्र कामावर त्यांचा वाटा ठरायचा, तो आता या छोट्या गटाच्या कामावर ठरू लागला. म्हणजे आपण केलेलं आपल्याला दिसतं आणि आपल्याच खात्यात धरलं जातं, हे त्यांना पहिल्यांदा मिळालं. आपुलकी होती आणि हिशेबही होता. तुम्ही त्यातली फक्त आपुलकी उचलता.

‘हेडमास्तरांचा एक शब्द पुरायचा’ हे मी नाकारत नाही. पण तो शब्द ऐकणाऱ्याला कसा वाटायचा, हे ऐकणाऱ्याला विचारावं लागतं. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या मेरी पार्कर फॉलेट यांनी 1920 च्या दशकात मांडलं होतं की हुकूम माणसाने माणसाला देऊ नये, तो परिस्थितीतून यावा. शाळेत त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ‘तुम्ही 8-ब घ्या’ हा हुकूम. ‘आज तिघं नाहीत, तुमची बेरीज 2 आहे, 8-ब तुमच्याकडे येतो’ ही परिस्थिती. दुसऱ्यात वाद घालायला माणूस उरत नाही, फक्त आकडा उरतो.

उशिरा येणाऱ्याचंही तसंच. बहुतेक शाळांत काय होतं? स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडते, ‘सर्व शिक्षकांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याच्यासाठी आहे तो ‘सर्वांना’ म्हटलंय म्हणून सुटतो आणि वेळेवर येणारे बाकीचे उगाच बोलणी खातात. त्यापेक्षा त्याच दिवशी, दार लोटून, दोन मिनिटं बोलावं. आधी घडलेलं सांगावं : ‘या आठवड्यात तीन दिवस प्रार्थनेनंतर आलात.’ मग कारण विचारावं आणि गप्प बसावं. हे गप्प बसणंच सगळ्यांत कठीण जातं. चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने येणाऱ्याची अडचण आणि झोपून राहणाऱ्याची अडचण एक नसते, आणि ती ऐकल्याशिवाय कळत नाही. पहिल्याला पहिला तास न देता वेळापत्रक बसवता येतं. दुसऱ्याला पुढच्या वेळी लेखी मेमो द्यावा, आणि तोही एकट्यालाच.

एकत्र जेवणाबद्दल. जेवावं, जरूर जेवावं. आमच्याकडेही शनिवारी भाजीपाव मागवतात. पण ‘सगळा स्टाफ’ म्हणताना त्यात लॅबचा मदतनीस आणि शिपाई होते का, आणि नंतर भांडी कुणी विसळली, हे आठवून बघा. पन्नाशीच्या शिपायाला पंचविशीतली शिक्षिका नावाने हाक मारून ‘तू’ म्हणते, तेव्हा घरच्या कोंकणीत ‘तूं’ चालतं ही सबब पुरत नाही. मुख्याध्यापकांना कोंकणीतही ‘तुमी’च म्हटलं जातं.

मनं जुळवायचीच असतील तर गोव्यात त्याला एक हमखास जागा आहे, ती सांगते. चवथीला आणि नाताळाला शाळा बंदच असते, तिथे भांडण नाही. भांडण होतं गावच्या जत्रेला आणि वाड्यावरच्या कपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताला. त्या दिवशी राज्याला सुट्टी नसते, पण ज्याच्या घरी पाहुणे असतात त्याला रजा हवीच असते, आणि ऐन वेळी मागितली की मिळत नाही. वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे वरच्या वर्गांचं वर्ष 2025 पासून एप्रिलमध्ये सुरू होतं तेव्हाच, प्रत्येकाकडून असे दोन दिवस लिहून घ्यावेत आणि स्टाफरूमच्या कॅलेंडरवर नावानिशी लिहावेत. त्या दिवसांना घटक चाचणी ठेवू नये, पालकसभा ठेवू नये. जत्रेवाल्याचे तास फेस्तवाल्याने घ्यावेत आणि फेस्तवाल्याचे जत्रेवाल्याने. हेही वहीत येतं. पण सहा महिन्यांनी फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर दोदोल आणि बेबिंकाचा डबा उघडतो, तेव्हा तो कुणी सूचना काढून आणवलेला नसतो. हीच मनं जुळणं असेल, सर, तर ती त्या कॅलेंडरवरच्या दोन तारखांपासून जुळत आली आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आमच्या शाळेत ही वही कोण बघतं? ती स्टाफरूमच्या दारामागे खिळ्याला सुतळीने टांगलेली असते. सकाळी आत येणारा प्रत्येक जण पिशवी ठेवायच्या आधी शेवटचं पान उघडतो, आधी स्वतःचा आकडा बघतो, आणि मग माझा.